बिनचुलीचं जेवण

टूनाचा पहिला डबा आमच्या घरात छिन्नीने उघडला. मावशी मस्कतला एका घरी मुलं सांभाळायला होती. सुट्टीवर येताना तिने बॅगेतून डबे आणले, पण ते उघडायचं साधन आणायचं तिला सुचलं नाही. आमच्याकडे ते असण्याचं काही कारण नव्हतं. आमच्या घरी मासा टोपलीतून यायचा. आईने डबा पाटावर घट्ट धरला, पप्पांनी छिन्नी टेकवून हातोडीचा ठोका दिला आणि तेलाची चिळकांडी थेट आईच्या गाऊनवर उडाली. मोठी काकी दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "मासा पेटीत घालून आणलाय होय? मग उघडता कशाला, फादरांना बोलवा आणि पुरून टाका." सगळे हसले, मीही हसले. काकीला विनोद फार चांगला जमायचा. तिच्याविषयी पुढे जे लिहायचं आहे त्याच्या आधी हे लिहून ठेवते.

आमचं घर वसईत राजोडीच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, केळीच्या वाडीत होतं. पुढे ओटा, मागे पडवी, मध्ये दोन भावांचे संसार. मोठे काका वाडी आणि थोडी भातशेती बघत. पप्पा वालीवच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. पहाटे सायकल काढत आणि संध्याकाळी चर्चची घंटा व्हायच्या आत परतत. घंटा झाली की प्रार्थना, प्रार्थना संपली की ताटं, हा क्रम कधी मोडला नाही. स्वयंपाकघर एकच होतं आणि ते काकीचं होतं. माझी आई मासे साफ करी, पाट्यावर वाटण वाटी, तांदळाच्या भाकऱ्या थापी. पण भांड्यात डाव घालायचा तो काकीने. आजोबा जाताना एवढंच सांगून गेले होते असं काका नेहमी म्हणत: चूल एक आहे तोवर वाडी एक. घरात गॅस येऊन बराच काळ लोटला होता, तरी शब्द चूलच राहिला. घरात आम्ही आमची गावची बोली बोलायचो. इथे ती शाळेच्या मराठीत लिहिते आहे, म्हणजे परक्या वाचणाऱ्याला अडायला नको.

काकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. आमच्या आजूबाजूला ज्या ज्या घरात चूल फुटली, तिथे पुढच्या उन्हाळ्याच्या आत मोजणीवाला साखळी घेऊन आला होता. आधी जाऊबाई वेगळं भांडं चढवते, मग भाऊ वेगळा हिस्सा मागतो, मग विहीर बुजते आणि तिच्यावर चार मजले उभे राहतात, हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून दुपारी कुणाला भूक लागली म्हणून अंडं जरी तळलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "कुणासाठी? सगळ्यांसाठी आहे का?" आज मी बोळिंजला फ्लॅटमध्ये राहते. माझ्या ओट्यावर एकाच वेळी तीन माणसांचे तीन प्रकार शिजतात आणि कुणी कुणाला काही विचारत नाही. नव्या सुनांना वाटतं, चुलीवरून घरं मोडायची ही जुन्या काळातली गोष्ट असेल. तसं नाही. हे घडलं तेव्हा वसईत इंटरनेटचे कॅफे उघडले होते.

पप्पांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली लोखंडाचा कीस घुसला. लेथवरच्या माणसाच्या बुटात कीस जातोच, त्यात नवीन काही नाही. पण त्यांना तो लागला नाही. त्याच बुटात दिवसभर उभे राहिले, सायकल मारत घरी आले, आणि आईने धुवायला मोजा उचलला तेव्हा तो रक्ताने कडक झालेला होता. आई म्हणाली, "हे काय?" पप्पा म्हणाले, "कुठे काय?" जखम भरेना म्हणून स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. मी बारावीला होते आणि रिपोर्ट वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे, म्हणून मीही होते. उपाशीपोटी साखर दोनशे ऐंशीच्या वर. डॉक्टरांनी कागद माझ्या हातातून घेतला, पप्पांच्या तळव्याला टाचणीने टोचलं आणि विचारलं, "लागतंय?" पप्पा म्हणाले, "टोचलंत की मग बघतो." डॉक्टर टोचून झाले होते.

"गोळ्या मी देतो," ते म्हणाले, "पण ही जखम नुसत्या गोळीने भरणार नाही. साखर उतरली तर भरेल. भात बंद, तांदळाची भाकरी बंद, केळं बंद."

"डॉक्टर, मग आमच्या घरात खायला राहिलं काय? छप्पर?"

"मासे आहेत ना? मासे खा, काकडी खा, पाला खा, पोट भरून खा. मी उपाशी राहा म्हणत नाही. भात सोडलात तर पाय राहील. नाही सोडलात तर आधी अंगठा जाईल, आणि मग किती वर कापायचं ते तेव्हाचा सर्जन ठरवेल."

परतताना पप्पा हसत होते. आई हसत नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात मासे किती शिजतात आणि कुणाच्या वाट्याला किती येतात, हे तिला ठाऊक होतं.

कालवण म्हणजे मुख्यतः रस्सा. माणशी एक तुकडा, बांगडे मोठे असतील तर अर्धा. बाकी पोट भातानेच भरायचं. त्यासाठीच तो रस्सा तिखट असायचा. पप्पांनी भात सोडला म्हणून त्यांना दोन तुकडे जास्त, असं त्या घरात मागताच आलं नसतं, कारण ते कुणाच्या तरी ताटातून कमी झाले असते. काकी तांदूळ लाकडी मापाने काढायची, डोकी मोजून. तिने पप्पांचा तांदूळ काढणं थांबवलं नाही. रोज त्यांचा भात शिजायचा, रोज उरायचा आणि सकाळी कोंबड्यांना घालताना ती मोठ्याने म्हणायची, "घ्या गं, आमच्या भावोजींना चालत नाही. तुम्हाला तरी चालतो का बघा." पप्पा एक तुकडा मासा, वाटीभर रस्सा आणि काकडी खाऊन कारखान्यात जायचे. एके दिवशी लेथजवळ त्यांना घेरी आली. मशीन चालू होतं. शेजारच्या माणसाने ओढलं म्हणून हात वाचला. त्या संध्याकाळी आईने काकीला न विचारता गॅस पेटवला आणि चार मांदेली पप्पांसाठी वेगळी तळली.

काका तेव्हा ओट्यावर प्रार्थनेची माळ हातात घेऊन बसले होते. वास आला तसे आत आले. ओरडले नाहीत. काका कधीच ओरडत नसत. एवढंच म्हणाले, "रेजिना, चूल वेगळी करायची असेल तर सरळ सांगा. चोरून कशाला?"

"दादा, त्यांना घेरी आली. भात बंद सांगितलाय."

"डॉक्टरने भात बंद सांगितला. चूल दुसरी मांडा असं सांगितलं का?"

पप्पा मोरीत पाय धूत होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते बाहेर आले, मांदेल्यांची थाळी उचलली आणि मधोमध ठेवली. "सगळ्यांनी घ्या," ते म्हणाले. मांदेली आम्हा मुलांच्या, काकांच्या आणि आमच्या, ताटांत गेली आणि पप्पांच्या वाट्याला एकीचं डोकं आलं.

मावशीने बॅगेतून आणलेले टूनाचे डबे पप्पांच्या ताटात आले ते असे. मावशीला आईने सगळं सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, तिच्या मस्कतच्या बाईचा नवरा असाच साखरेचा आहे आणि तो रोज रात्री हेच खातो. डबा उघडायचा, कांदा-काकडी चिरायची, लिंबू पिळायचं, झालं. भात नाही, पाव नाही. "शिजवायचं काहीच नाही?" आईने पुन्हा विचारलं. "काडी पण ओढायची नाही," मावशी म्हणाली. आईचा चेहरा मला अजून दिसतो. तिला चव कशी असते ते जाणून घ्यायचं नव्हतं. विस्तव लागणार नाही, एवढंच तिने ऐकलं होतं. जिथे विस्तव नाही तिथे चूल नाही, आणि चूल नाही तर वेगळं कोण झालं?

ते करायचं काम माझ्याकडे आलं, आणि जे काम माझ्याकडे येतं ते मी मापाने करते. डब्यावर एकशे पंच्याऐंशी ग्रॅम लिहिलेलं होतं. तेल गाळून मासा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर एकशे तीसच भरला. दुकानदार म्हणाला, "पोरी, मासा माझ्या काट्यावर ठेवलास, आता साखर घ्यायला कोण येईल?" तरी मी डब्यावरचा आकडा खोडून खरा लिहिला. कांदा बारीक चिरून मिठाने चोळायचा आणि धुवायचा, म्हणजे उग्रपणा जातो. काकडी वाडीतलीच, बिया काढून, नाहीतर पाणी सुटून सगळं पचपचीत होतं. कोबीची पानं सुरीने केसासारखी कापायची. पोट भरतं ते कोबीने. हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडा पुदिना. मग आईने ताडी आंबवून केलेला शिर्का एक चमचा, अर्धं लिंबू आणि भरडलेली मिरी. गाजर नाही, बीट नाही, बटाट्याचं तर नावही नाही. मासा शेवटी घालायचा आणि हाताने सैल करायचा. चमच्याने ढवळला तर त्याचा लगदा होतो. हे सगळं प्रार्थनेच्या माळेतले शेवटचे दहा मणी उरले असताना सुरू केलं तरी 'आमेन' म्हणेपर्यंत तयार असायचं. पप्पांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "मासा बरा आहे. समुद्र काढून घेतलाय फक्त."

पण पोट भरायचं. घेरी थांबली. दुसऱ्या तपासणीला साखर दीडशेच्या आत आली आणि जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाता?" पप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. मला ही ग्रॅमवर जगवते." त्या दिवसांत पप्पा घरात शीळ घालायचे. मी त्यांना शीळ घालताना त्याआधी ऐकलं नव्हतं. आईसुद्धा बदलली होती. प्रार्थनेनंतर ती स्वतः वाडगा उचलून पप्पांच्या पुढ्यात ठेवायची. त्या घरात स्वतःच्या हाताने नवऱ्याला वाढायची तिची ती पहिली वेळ असावी.

काकांना काही बोलता येत नव्हतं, कारण नियम मोडला नव्हता. काकी मात्र रोज नवं नाव शोधायची. कधी "पेटीतला मासा", कधी "मस्कतचं कचुंबर". एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली, "आमच्या भावोजींचं पान वेगळं असतं हो. आमच्या हातचं गोड लागत नाही." पाहुणे हसले. काका हसले नाहीत. पान वेगळं हे शब्द त्यांच्या कानात राहिले असावेत.

डबे संपणारच होते. मावशी परत मस्कतला गेली होती आणि आमच्या बाजारात तेव्हा तसले डबे मिळत नव्हते. आमच्याकडे राजोडीहून मासेवाली यायची, तिला सगळे तायबाय म्हणायचे. तिने रिकामा डबा हातात घेऊन त्यावरचं चित्र बघितलं आणि आईला म्हणाली, "अगं, ह्यो कुपा हाय. आमच्याकडं पडून ऱ्हातो, कोनी घेत नाय. काळं मांस म्हनून नाकं मुरडतात. त्यो तू विमानानं मागवतेस?"

"मस्कतहून फुकट आला, तायबाय. पण तुझा कुपा शिजवायला लागेल."

"मग शिजव ना."

आईने रिकामा डबा तिच्या हातातून घेतला. तायबायने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि तिला कळलं. तिच्याही घरात जावा होत्या. "बरं," ती टोपली उचलत म्हणाली, "मी माज्या चुलीवर मीठ-पान्यात उकडून आनते. तू पोरीला सांग, निस्ता काट्यावरनं सोडव आनि खाऊ घाल."

आम्हाला तो केवढा तोडगा वाटला होता! आईने तिला शिर्क्याची बाटली भरून दिली. रोज सकाळी ॲल्युमिनियमच्या डब्यात उकडलेला कुपा येऊ लागला, आणि तो डब्यातल्या माशाहून कितीतरी चांगला लागायचा. घट्ट, समुद्राचा, पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे. आमच्या चुलीला हात लागत नव्हता. पण घरातल्या माणसाला दुसऱ्याच्या चुलीवरचं खावं लागणं म्हणजे घरच्या चुलीचं नाक कापणं, हे आईच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. आम्ही दोघी विस्तव टाळण्यात इतक्या गढलो होतो की विस्तव कुणाचा, हे बघितलंच नाही.

काकांना ते बाजारात कळलं. कुणीतरी विचारलं होतं, "काय पास्कल, भावाला राजोडीहून जेवण येतं म्हणे? घरी भागत नाही?" काका घरी आले, ओट्यावर बसले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. काकीही जेवली नाही. मग आईला कसं जेवता येईल? मुलांनी खाल्लं आणि मोठ्यांची ताटं पालथीच राहिली. पप्पांनी वाडगा बाजूला सारला. "उद्यापासून तायबायला नको सांग," ते मला म्हणाले.

"मग काय खाणार?"

"बघू."

जखम त्या वेळी चण्याएवढी राहिली होती. रोज ड्रेसिंग मीच करायची, म्हणून मला माहीत आहे.

त्याच आठवड्यात नव्या भाताचा सण आला. पहिल्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायच्या, आणि घरी आणलेल्या नव्या तांदळाचा पहिला भात घरातल्या मोठ्याने प्रत्येकाच्या ताटात आपल्या हाताने वाढायचा, अशी आमच्या घरची रीत. वाडीतून पाहुणे होते, आईच्या माहेरचे होते. ओट्यावर पंगत बसली. भाताचा वास असा होता की मलाही पप्पांकडे बघवेना. नव्या तांदळाला एक दुधाळ वास असतो, तो पुढे जुन्या तांदळात राहत नाही. काका परात घेऊन एकेकापुढे वाकत पप्पांपर्यंत आले. पप्पांनी ताटावर तळहात आडवा धरला.

"दादा, मला नको. पाय आता भरत आलाय."

"आशीर्वादाचा भात आहे, जोसेफ. ह्याने कुणाचं वाईट झालंय?"

"नाही झालं. माहीत आहे मला."

"मग हात काढ."

आई वाढायची भांडी घेऊन उभी होती. ती पुढे आली आणि इतक्या हळू बोलली की पलीकडच्यांना ऐकू गेलं नसेल. "दादा, एक शीत घाला. एक शीत खातील ते. मान राहील."

काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "शितं पाखरांना घालतात. हा माझा भाऊ आहे."

पप्पांनी हात काढला. काकांनी भाताची मोठी मूद घातली, मग तिच्यावर आणखी थोडा. आणि तेव्हा काकांचे डोळे भरून आले. ते नाटक नव्हतं. मी समोर होते. "तू वेगळा नाहीस ना रे?" ते म्हणाले. पप्पांनी मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली. सगळा भात खाल्ला, बोटं चाटली. म्हणाले, "छान झालाय, वहिनी." पंगतीतला ताण एकदम सुटला, कुणीतरी विनोद केला, काकीने त्यांना पुन्हा वाढलं. आईने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

एका जेवणाने पाय जात नाही. मी हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या नात्यात काहीजण माझ्या बाजूने बोलतानासुद्धा म्हणतात की त्या सणाच्या भाताने घात केला. तसं मांडणं खोटं आहे. घात केला तो दुसऱ्या दिवशीच्या भाताने. दुसऱ्या दिवशी काकीने न विचारता पप्पांच्या ताटात भात घातला. पप्पांनी वर बघितलं तर म्हणाली, "काल चालला की. फादरांचा चालतो, माझ्या हातचा चालत नाही का?" डॉक्टरांनी बंद सांगितलंय हे आधी म्हणता येत होतं, कारण ते एकदाही मोडलं नव्हतं. आता तो आवडीनिवडीचा प्रश्न झाला. नको म्हटलं तर काल खाल्लास, आज का नाही. म्हणजे आज रागावलास. म्हणजे मनात काहीतरी आहे. पप्पांना कुणाच्या मनात काहीतरी आहे असं वाटलेलं चालत नसे. ते खात राहिले. मी काही दिवस काकडी-कोबी चिरून वाडगा ठेवत राहिले. तो तसाच सुकायचा. एकदा काकी मला म्हणाली, "लुशे, कोंबड्यांना घाल ते. भात त्यांना आता मिळत नाही." मी नंतर करायचं सोडून दिलं. शीळही थांबली, पण ते घरात माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

जखमेची कडा आधी पांढरी झाली, मग करडी. आई रोज सांगायची, डॉक्टरांकडे चला. पप्पा म्हणायचे, रविवारी. अंगठा काळा पडला तेव्हा काकांनीच रिक्षा आणली, काकांनीच त्यांना खांद्यावर घेतलं, हेही मला लिहायला हवं. अंगठ्यावर भागलं नाही. विष चढत गेलं आणि पाय गुडघ्याखाली कापला.

दोन दिवसांनी सर्जन खोलीत आला. तरुण होता, दमलेला होता. खाटेभोवती काका, काकी, आई, मी. पप्पा शुद्धीवर होते, उशीला टेकून बसले होते. सर्जनने जुने रिपोर्ट चाळले आणि त्याला राग आला. त्याने तो लपवला नाही. "हे बघा, मध्ये साखर उतरली होती. जखम भरत होती, इथे लिहिलंय. मग काय झालं? ह्यांना भात कुणी द्यायला सुरुवात केली? घरी जेवणाचं कोण बघत होतं?"

काका खिडकीकडे बघत होते. काकीने हातातला रुमाल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. सर्जन वाट बघत होता. मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की माझा मीच खाल्ला. तेही खरं होतं आणि त्याने कुणाचंच काही बिघडलं नसतं. आता त्यांना गप्प राहून वाचवण्यासारखं काही उरलं आहे असं मला वाटत नव्हतं. पप्पा चादरीकडे बघत राहिले.

"मी," आई म्हणाली. "मी बघत होते."

"तुम्ही बायको ना? तुम्हाला सांगितलं नव्हतं डॉक्टरांनी?"

"सांगितलं होतं."

"मग?"

आईने पप्पांची चादर सारखी केली. सर्जनने मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेला. काकीने पहिल्यांदा तोंड उघडलं. आईच्या पाठीवर हात ठेवून, खरोखर मायेने, म्हणाली, "जाऊ दे रेजिना. होते चूक माणसाकडून."

तेव्हापासून आमच्या नात्यात ही गोष्ट अशीच सांगितली जाते. जोसेफचा पाय बायकोच्या हयगयीने गेला. बिचारीला पथ्य जमलं नाही. डॉक्टरांसमोर तिने स्वतः कबूल केलं. आईच्या मयतीलाही एका बाईने मला हे समजावलं, तिच्या बाजूने बोलतेय अशा सुरात. मी चहाचा ट्रे धरून सगळं ऐकून घेतलं. हे प्रकरण मी लिहिते आहे ते त्या बाईसाठी आणि तिच्यासारख्यांसाठी. त्यांनी वाचलं तर ठीक.

पप्पांना घरी आणल्यावर काकांनी गवंडी बोलावला. मागच्या पडवीत आडवी भिंत घातली, ओटा बांधला, गॅसची वेगळी शेगडी आणून ठेवली. "आता रेजिनाला पथ्याचं करायला सोपं पडेल," ते म्हणाले, "आणि जोसेफला चालत पुढे यायला नको." कुणी मागितलं नव्हतं. येणारे-जाणारे म्हणायचे, मोठा भाऊ असावा तर असा. पप्पाही म्हणायचे, पाहुण्यांना कुबडीने भिंत दाखवून, "सगळं दादाने केलं." आई आत उभी राहून मासे तळायची, पप्पांना हवे तेवढे. आता तिला विचारणारं कुणी नव्हतं.

एकदा पाहुणे गेल्यावर आई विहिरीवर गेलेली होती, तेव्हा मी त्यांना विचारलं. फार दिवस घोकून ठेवलेला प्रश्न होता, म्हणून सरळच विचारला. "पप्पा, त्या दिवशी सर्जनने विचारलं तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत?"

ते माझ्यावर चिडले नाहीत. इतकं साधं मला कसं कळत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"काय बोलणार, लूसी?" ते म्हणाले. "बोललो असतो तर घर फुटलं असतं."

काकांनी घातलेल्या ज्या नव्या भिंतीला ते टेकून बसले होते, तिचा गिलावा अजून ओला होता. उठवताना मी त्यांच्या शर्टाच्या पाठीवरचं सिमेंट झटकलं.